विलापातली आशा : काशीच्या गोऱ्हे कुटुंबाच्या निमित्ताने

शोकाच्या आणि संकटाच्या काळात ख्रिस्ती श्रद्धेतून आशा कशी मिळते, या प्रश्नाचा विचार वाराणसीच्या पार्श्वभूमीवर करणे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. कारण मृत्यूच्या प्रश्नाला या नगरीने स्वतःचे असे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. स्कंदपुराणातील काशीखंडामुळे रूढ झालेल्या श्रद्धेप्रमाणे काशीत देह ठेवणाऱ्याच्या कानात साक्षात विश्वनाथ तारकमंत्र सांगतो आणि जीव जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटतो. याच श्रद्धेपोटी महाराष्ट्रातून शतकानुशतके माणसे काशीवासाला, म्हणजे उरलेले आयुष्य तेथे घालवून तेथेच मरण यावे या हेतूने राहायला, जात राहिली. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाच्या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती झाली. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली याच नगरीत पूर्ण केले आणि विश्वनाथाचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभे राहिले ते अहिल्याबाई होळकरांमुळे. अशा या नगरीतल्या एका चित्पावन घरातील विद्वान तरुणाला दुःखाविषयीचे परंपरेचे उत्तर अपुरे वाटावे, त्याने दुसरे उत्तर शोधावे, आणि ते सापडल्यावर त्याच्या वाट्याला आधीपेक्षा अधिक दुःख यावे, ही घटना मराठी वाचकाने जितकी लक्षात घ्यायला हवी होती तितकी घेतलेली नाही. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, पुढे फादर नहेम्या गोऱ्हे या नावाने ओळखले गेलेले, हे या प्रस्तावनेच्या केंद्रस्थानी आहेत ते एवढ्यासाठीच.

गोऱ्हे यांचा जन्म १८२५ साली बुंदेलखंडात झाला आणि बालपण व शिक्षण काशीत झाले. व्याकरण आणि न्याय ही त्यांच्या अभ्यासाची मुख्य शास्त्रे होती. घरची उपासना शैव असली तरी ते स्वतः पुढे विष्णुभक्तीकडे वळले, यावरून धर्म हा त्यांच्यासाठी केवळ कुळाचार नव्हता हे स्पष्ट होते. काशीत त्या वेळी चर्च मिशनरी सोसायटीचे काम सिगरा भागात चालत असे, आणि तेथील मिशनरी विल्यम स्मिथ यांना वादात निरुत्तर करावे या इराद्याने हे विशीच्या उंबरठ्यावरील शास्त्रीबुवा त्यांच्याकडे गेले. जॉन म्यूर यांनी संस्कृतात लिहिलेल्या ‘मतपरीक्षा’ या ख्रिस्ती ग्रंथाचे खंडन करणारा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा गोऱ्हे यांचा संस्कृत ग्रंथ याच काळातला, १८४४-४५ मधला आहे.

या खंडनातील एक मुद्दा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अतिशय मोलाचा आहे. पूर्वजन्म मानायचा नसेल तर जन्मतःच आंधळे असलेले मूल, काही कळण्याआधीच यातना भोगणारे तान्हे बाळ, मुकी जनावरे, यांच्या दुःखाचे समर्थन कसे करायचे, आणि ते करता येत नसेल तर त्यांना घडवणारा ईश्वर न्यायी कसा म्हणायचा, असा तो आक्षेप आहे. कर्मसिद्धान्ताकडे याचे बांधेसूद उत्तर आहे. ख्रिस्ती धर्माकडे तसे उत्तर नाही, हे गोऱ्हे यांनी अचूक हेरले होते. दुःखाचे प्रयोजन आणि ईश्वराचे न्यायीपण यांचा मेळ घालणाऱ्या विचाराला ईश्वरसमर्थनाचा विचार म्हणतात, आणि ख्रिस्ती परंपरेत त्याची सर्वांत जुनी व सर्वांत अस्वस्थ करणारी कृती म्हणजे जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक. त्यात निरपराध ईयोबाची गुरेढोरे, मुलेबाळे आणि शरीरस्वास्थ्य सारे हिरावले जाते, त्याचे मित्र ‘तुझेच काहीतरी पाप असेल’ अशा अर्थाची समजूत घालत राहतात, आणि शेवटी देव बोलतो तो त्या मित्रांच्या बाजूने नव्हे. ईयोबाला कारण शेवटपर्यंत सांगितले जात नाही. ज्या धर्माच्या पवित्र ग्रंथातच कारण न कळलेल्या दुःखाला इतकी प्रशस्त जागा दिलेली आहे, त्या धर्माकडे न्यायशास्त्रात मुरलेला माणूस वळला, तेव्हा त्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणून तो प्रश्न सोडला असे मानणे त्याच्या बुद्धीवर अन्याय करणारे ठरेल. डोंगरावरील प्रवचन, म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानातील येशूचा नैतिक उपदेश, वाचून ते हलले, असे त्यांच्या चरित्रातून दिसते. प्रश्न मात्र त्यांच्याबरोबरच राहिला.

१४ मार्च १८४८ रोजी त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याच्या संस्काराने होणारी ख्रिस्ती दीक्षा, घेतला; तोही काशीत न घेता जौनपूरला जाऊन, कारण काशीत घरच्यांचा विरोध आणि गावातला क्षोभ दोन्ही अटळ होते. त्या काळी धर्मांतर हे स्वतःच एक प्रकारचे मरण होते. जातीबाहेर गेलेल्या माणसाचा घटस्फोट करण्याचा, म्हणजे पाण्याने भरलेला घट फोडून तो जिवंतपणीच मेल्याचे जाहीर करण्याचा, विधी धर्मशास्त्रात सांगितलेला होता. धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क बुडू नये असा कंपनी सरकारचा सर्व मुलखाला लागू होणारा कायदा १८५० साली, या बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांनी, आला. आईवडील जिवंत असून अंतरलेले, पत्नी माहेरच्यांच्या ताब्यात, पंक्ती तुटलेल्या, आणि ज्या विद्येवर मान मिळत होता तिचा बाजार उठलेला, अशी नवख्रिस्त्याची स्थिती असे. दुःखात श्रद्धेने आधार दिला, हे वाक्य अशा माणसाविषयी लिहिताना सावधपणे लिहावे लागते, कारण त्याच्या दुःखाचा मोठा वाटा त्या श्रद्धेनेच त्याच्या पदरात घातलेला होता. मिशनऱ्यांच्या तत्कालीन लेखनात हा वाटा बहुधा विजयगाथेच्या उत्साहात वाहून गेला, आणि स्वकीयांनी त्याचा विचार करण्याचे कारणच नव्हते, कारण त्यांच्या लेखी तो माणूस संपला होता. दोन्ही बाजूंनी एका शोकाकुल माणसाला मुद्दा करून टाकले.

दीक्षेच्या वेळी घेतलेले नहेम्या हे नाव येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. बायबलमधील नहेम्या हा इराणच्या राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमचा तट पडला आहे आणि वेशी जळाल्या आहेत ही बातमी ऐकताच तो खाली बसला, रडला, त्याने कित्येक दिवस शोक व उपवास केला आणि मग राजाची परवानगी काढून, गावी परत जाऊन, ५२ दिवसांत तो तट पुन्हा बांधून घेतला. शोक आणि उभारणी एकाच माणसाच्या हातून, आणि त्याच क्रमाने, घडल्याची ही कथा आहे. संकट आधी पूर्ण टळले आणि मग काम सुरू झाले, असेही तिच्यात नाही; तटावर काम करणारे एका हाताने बांधत होते आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरून होते.

गोऱ्हे यांच्या आयुष्यात पडझड मात्र लवकर थांबली नाही. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या आणि त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ११ सप्टेंबर १८५३ रोजी काशीतच त्यांच्या मुलीचा, एलेन लक्ष्मीचा, जन्म झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात लक्ष्मीबाई वारल्या. ज्या पत्नीशी ताटातूट झाल्यावर पुन्हा भेट झाली होती ती गेली, आणि मांडीवर उरले ते एक आईविना तान्हे मूल, ज्याला सांभाळायला आजी, मावशी, आत्या यांपैकी कोणी पुढे येण्याची वाट आता मोकळी नव्हती. पुढच्याच वर्षी पंजाबच्या महाराजा दलीपसिंगांच्या बरोबरीने गोऱ्हे यांना इंग्लंडला जावे लागले. मूल मागे राहिले. स्मेल्स नावाच्या निळीच्या मळेवाल्याच्या कुटुंबाने तिला वाढवायला घेतले. १८५७च्या उठावात त्या कुटुंबाचे सर्वस्व गेले, तेव्हा मिशनरी डब्ल्यू. टी. स्टॉर्स यांनी तिला आपल्या घरात घेतले आणि १८६५ साली ते तिला घेऊन इंग्लंडला गेले. बारा वर्षांच्या आत तिची तीन घरे झाली, आणि तिसऱ्या घराबरोबर देशही सुटला.

इंग्लंडमध्ये स्वतः गोऱ्हे यांची अवस्था काय होती याची एक साक्ष मॅक्स म्यूलर यांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे. ऑक्सफर्डला भेटलेला हा काशीचा पंडित कमालीचा खिन्न होता. नव्या करारातील आद्य ख्रिस्ती मंडळीचे वर्णन वाचून त्याने ज्या जीवनाची कल्पना केली होती त्याचा लंडनच्या रस्त्यांवर कोठे मागमूसही नव्हता, आणि याचसाठी का सर्व सोडले, असा प्रश्न त्याला पडला होता. पत्नीचा मृत्यू ताजा, मुलगी सात समुद्रांपलीकडे, आणि ज्याच्यासाठी हे सारे पत्करले त्या धर्माचे प्रत्यक्ष रूप असे निराश करणारे. या क्षणी गोऱ्हे परत फिरले असते तर कोणालाही नवल वाटले नसते. ते फिरले नाहीत, आणि का फिरले नाहीत हे समजून घेण्यासाठी ख्रिस्ती परिभाषेत आशा या शब्दाचा अर्थ काय होतो हे पाहणे आवश्यक आहे.

पुढे चांगले होईल असा स्वभावातला उत्साह, ज्याला आशावाद म्हणतात, त्याच्याशी ख्रिस्ती आशेचे नाते दूरचे आहे. ख्रिस्ती आशा एका घडून गेलेल्या घटनेवर उभी असते : क्रुसावर मारलेला येशू तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला, हीच ती घटना, आणि तिलाच पुनरुत्थान म्हणतात. पुनरुत्थान म्हणजे आत्म्याचे अमरत्व नव्हे. मेलेला माणूस, त्याच्या शरीरासह आणि नावासह, देवाकडून पुन्हा उठवला जाणे असा त्याचा अर्थ आहे. काशीत शिकलेल्या नैयायिकाला यातला भेद इतर कोणाहीपेक्षा चटकन जाणवला असला पाहिजे. न्यायदर्शनात अपवर्ग, म्हणजे मोक्ष, ही एकवीस प्रकारच्या दुःखांची आत्यंतिक निवृत्ती आहे; तेथे दुःख नाही, पण सुखही नाही आणि जाणीवही नाही. अशी मुक्ती आणि दगडाची अवस्था यांत अंतर काय, हा आक्षेप भारतीय दर्शनांच्या आपसातील वादात जुनाच आहे, आणि गोऱ्हे यांनी १८६० साली प्रसिद्ध केलेल्या ‘षड्दर्शन दर्पण’ या हिंदी ग्रंथातही दर्शनांच्या मोक्षकल्पनांची कठोर चिकित्सा आहे. आप्तांच्या मृत्यूने पोळलेल्या माणसाच्या दृष्टीने हा वाद निव्वळ तार्किक राहत नाही. दुःख थांबावे एवढीच त्याची मागणी नसते. गेलेले माणूस तेच माणूस म्हणून परत भेटावे, अशी ती असते. पुनरुत्थानाचा सिद्धान्त या मागणीला वेडगळ म्हणत नाही, हे त्याचे शोकग्रस्ताच्या दृष्टीने सर्वांत मोठे सामर्थ्य आहे.

आणि म्हणूनच तो शोकाला मनाईही करत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात बेथानी गावच्या लाजराची कथा आहे : लाजर मरून चार दिवस झाले आहेत, येशू त्याला उठवणार आहे हे येशूला ठाऊक आहे, आणि तरीही मरीयेला व तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून तोही रडतो. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे पौल थेस्सलनीका येथील मंडळीला कळवतो तेव्हाही तो शोकच करू नका असे म्हणत नाही. त्या वाक्याचा पहिला भाग गाळून उरलेला तेवढा सांगण्याची सवय अनेक धर्मोपदेशकांना असते आणि तिने पुष्कळ माणसांना त्यांच्या सर्वांत वाईट दिवसांत एकटे पाडले आहे. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापस्तोत्रे आहेत, म्हणजे देवाकडे गाऱ्हाणे नेणाऱ्या, कधी कधी देवालाच जाब विचारणाऱ्या प्रार्थना आहेत. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी विश्वासाकडे वळतात. ८८वे स्तोत्र तेवढे वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही उपासनेच्या ग्रंथात ते जसेच्या तसे जपले गेले आहे. मराठी मनाला हा सूर परका वाटण्याचे कारण नाही. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावलेले तुकाराम विठ्ठलाशी ज्या हक्काने भांडतात, तो हक्क आणि विलापस्तोत्रांतील हक्क एकाच जातीचे आहेत : ज्याच्यावर विसंबायचे त्याच्यापाशीच तक्रार करायची, तक्रार संपेपर्यंत त्याचा दरवाजा सोडायचा नाही.

काशीत कार्तिक महिन्यात पंचगंगा घाटावर उंच बांबूंना वेताच्या टोपल्या बांधून त्यांत आकाशदीप चढवले जातात आणि ते पितरांच्या वाटेवर उजेड पाडतात असे मानले जाते. त्याच सुमारास, २ नोव्हेंबरला, ख्रिस्ती मंडळी सर्व मृतांचा दिवस पाळतात, कबरींवरचे गवत काढतात, त्या धुतात, त्यांवर फुले वाहून मेणबत्त्या लावतात. दोन्हींत दिवा आहे आणि दोन्हींत गेलेल्यांशी नाते न तोडण्याचा निश्चय आहे. आकाशदीप पुढच्या वाटेवर निघालेल्याला सोबत करतो. कबरेवरची मेणबत्ती त्याच जागी कोणीतरी उठवले जाण्याची वाट पाहते. हा भेद मान्य करूनही त्यातील एकाला अंधश्रद्धा आणि दुसऱ्याला श्रद्धा ठरवण्याची घाई एकोणिसाव्या शतकातील वादग्रंथांनी केली तशी आज करण्याचे कारण नाही. षड्दर्शनांविषयी लिहिताना खुद्द गोऱ्हे यांची लेखणीही या घाईपासून सर्वस्वी मुक्त नव्हती.

गोऱ्हे यांच्याविषयीची सर्वांत दिलासा देणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. त्यांच्या शंका कधीच संपल्या नाहीत. १८६८ साली डीकन आणि १८७० साली प्रीस्ट, म्हणजे अँग्लिकन पंथातील पौरोहित्याच्या दोन पायऱ्यांवरील दीक्षित, झाल्यावरही, पुणे, मुंबई, चांदा अशा ठिकाणी वर्षानुवर्षे काम केल्यावरही, संन्यस्त जीवनाच्या ओढीने सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट या संघात उमेदवारी केल्यावरही, त्यांचे मन वारंवार संशयाने ग्रासले जाई, आणि आपण अपात्र आहोत ही भावना त्यांना अखेरपर्यंत, २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत मृत्यू येईपर्यंत, सोडून गेली नाही. श्रद्धा म्हणजे शंकेचा अभाव, अशी व्याख्या केली तर गोऱ्हे अश्रद्ध ठरतील. ज्याच्याविषयी शंका येते त्याच्याशीच बोलत राहणे, अशी ती केली तर त्यांच्याइतका श्रद्धावान मराठी माणूस त्या शतकात शोधावा लागेल. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण गेले नव्हते आणि शंकेखोर थोमाला त्याने ते व्रणच दाखवले, ही कथा ज्या धर्मात आहे त्या धर्मात जखमेसह जगण्याला कमीपणा मानता येत नाही.

शंकांशी झगडलेल्या याच माणसाचा युक्तिवाद पंडिता रमाबाईंना पटला, ही गोष्ट योगायोगाची म्हणून सोडून देता येत नाही. रमाबाईंनी दुष्काळात वडील, आई आणि बहीण यांना अन्नाविना मरताना पाहिले होते; १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला; ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले आणि मांडीवर मुलगी मनोरमा राहिली. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा, त्यांच्याबरोबर गेलेल्या मैत्रीण आनंदीबाई भगत यांच्या दुर्दैवी मृत्यूची जखम नुकतीच झालेली होती. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त असल्याची प्रमाणे मांडणारे गोऱ्हे यांचे लेखन त्यांच्या निर्णयामागे होते, हे रमाबाईंनी स्वतः मान्य केले आहे. तरीही तो धर्म बुद्धीला पटणे आणि ख्रिस्ताचा सहवास अनुभवाला येणे यांत आणखी आठ वर्षांचे अंतर पडले, हेही त्यांनीच लिहून ठेवले. इतके प्रांजळ आत्मनिवेदन धार्मिक वाङ्मयात दुर्मिळ असते. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणि स्त्रिया आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले, तेव्हा त्या स्वतःच्या आईबहिणीच्या वाट्याला जे आले नाही ते दुसऱ्यांच्या वाट्याला आणत होत्या. १९२१ साली मनोरमाही गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हातातून न सोडता रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

एलेन लक्ष्मी १८८० साली भारतात परतली. तिच्या इंग्रजी भक्तिगीतांचा संग्रह १८८३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील देवाच्या सान्निध्यात मिळणाऱ्या आसऱ्याचे वर्णन करणारे एक गीत, जॉर्ज स्टेबिन्स यांनी त्याला चाल लावल्यावर, इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती जगात सर्वत्र गायले जाऊ लागले. ते गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याची कर्त्री काशीत जन्मलेली मराठी ब्राह्मणकन्या आहे हे ठाऊक नसे. आसऱ्याविषयी लिहिण्याचा तिचा अधिकार कोठून आला हे तिच्या बालपणाच्या हकिगतीवरून उघड आहे. त्या गीतातला आसरा घराच्या चार भिंतींचा नाही, कारण भिंती टिकत नाहीत हे तिला चालता येण्याआधीपासून शिकवले गेले होते. पुढे अलाहाबादला बिशप जॉन्सन अनाथालयाची ती कित्येक वर्षे अधीक्षिका होती, म्हणजे आईविना वाढलेली मुलगी इतर मुलींची आई झाली; १९३७ साली कानपुरात ती वारली.

या पुस्तकाच्या वाचकाने दोन गोष्टींपासून सावध राहावे. श्रद्धा ठेवली की संकटे टळतात आणि आजार पळतात, असे सांगणारा जो प्रचार अलीकडे सर्व धर्मांत फोफावला आहे, त्याला गोऱ्हे बापलेकींच्या आयुष्यात तिळमात्र आधार नाही, आणि असा प्रचार दुःखितावर दुहेरी अन्याय करतो, कारण संकट टळले नाही की दोष त्याच्याच श्रद्धेच्या माथी येतो. ईयोबाच्या मित्रांनी केले ते हेच. दुसरी गोष्ट अशी की शोकाने खचलेल्या माणसाला प्रार्थनेबरोबर वैद्याची, औषधाची आणि माणसांच्या सोबतीची गरज असते, आणि त्यांपैकी काही घेणे म्हणजे श्रद्धेत उणे पडणे नव्हे. बायबलमधील एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले.

‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ १९५१ साली सदाशिव लक्ष्मण कात्रे यांनी उज्जैनहून संपादित करून प्रसिद्ध केला, त्यामुळे तान्ह्या बाळाच्या यातनेविषयी प्रश्न विचारणारे तरुण नीळकंठशास्त्री अभ्यासकांना वाचता येतात. पुढे ज्यांच्या स्वतःच्याच घरात एक तान्हे बाळ आईविना राहिले त्या फादर गोऱ्हे यांचे हिंदी, मराठी आणि इंग्रजी लेखन त्याच्या शेजारी ठेवून, त्या पहिल्या प्रश्नाचे पुढे काय झाले हे पानापानाने तपासण्याचे काम मराठी अभ्यासकाने हाती घेतले पाहिजे; संस्कृत न्याय, मराठी घर आणि ख्रिस्ती प्रार्थना या तिन्हींची भाषा कळणाऱ्यालाच ते नीट जमेल.